‘येते’ला इंग्रजीत काय म्हणतात

परवा एक तरुण वकीलबाई घरी आल्या आणि त्यांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला. मारहाणीच्या एका फिर्यादीतलं वाक्य त्यांनी फोनला इंग्रजीत करायला सांगितलं होतं. मूळ वाक्य असं होतं : ‘त्या झटापटीत माझ्या बांगड्या वाढल्या आणि मंगळसूत्रही वाढलं.’ फोनने लिहिलं होतं की झटापटीत बाईंच्या बांगड्यांची संख्या वाढली आणि मंगळसूत्राची लांबी.

आम्ही दोघी पोटभर हसलो. झटापटीत दागिने वाढत असतील तर आरोपीला शिक्षा कशाला, त्याचा सत्कारच करायला हवा. हसून झाल्यावर मात्र मला त्या फोनबद्दल जरा माया वाटली. बांगडी ‘फुटली’ म्हणायला आपल्या बायकांची जीभ धजत नाही, म्हणून त्या ‘वाढली’ म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तर आईने, आजीने, शेजारणींनी सगळ्यांनी सांगितलं होतं. तरीही मी त्याच जातीची चूक केली, आणि ती एका बाईला भोगावी लागली. आज लिहायला बसले आहे ते त्या चुकीबद्दल.

माझा धंदा भाषांतराचा. रत्नागिरीत कोर्टाच्या समोरच्या बाजूला, एका झेरॉक्सवाल्याच्या वर, माडीवरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. तिथे बसून तीस-बत्तीस वर्षं मी मराठी कागदांचं इंग्रजी केलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोर्टात इतके शिकलेले लोक असताना भाषांतर कशाला लागतं? तर त्याचं असं आहे : खालच्या कोर्टात साक्षी मराठीत होतात. निकाल एखाद्याला पटला नाही की तो मुंबईला वरच्या कोर्टात जातो, आणि तिथे सगळं इंग्रजीत चालतं. मग इथल्या साक्षींचा गठ्ठा वकील माझ्याकडे आणून टाकत. मी तो इंग्रजीत करायचा, आणि शेवटच्या पानावर ‘हे मूळ मराठीचं खरं भाषांतर आहे’ असं लिहून सही ठोकायची. त्या ‘खरं’ शब्दाचा मला फार अभिमान होता.

साक्षीचा कागद म्हणजे मोठी चमत्कारिक चीज असते. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. लांज्याचा वेगळं बोलतो, गुहागरचा वेगळं. लिहून घेणारा ते पुस्तकी मराठीत उतरवतो. वकिलाने विचारलेला प्रश्न कागदावर येत नाही, नुसतं उत्तर येतं. हात हलवले, डोळे वटारले, नाक मुरडलं, ते तर येतच नाही. दोन भावांचा आंब्याच्या कलमांवरून वाद होता. धाकट्याच्या साक्षीत एक वाक्य होतं : ‘माझा थोरला भाऊ देवमाणूस आहे.’ विरुद्ध बाजूला केवढा आनंद झाला! पण तीन ओळी वर त्याच साक्षीत लिहिलं होतं की या थोरल्याने धाकट्याच्या वाटेत चिऱ्यांचा गडगा घालून त्याचं बागेत जाणं बंद केलं. वाट अडवणाऱ्याला कुणी सरळ मनाने देवमाणूस म्हणतो का? तो कठड्यात उभा राहून काय सुरात ते बोलला असेल, ते मला माडीवर बसल्या बसल्या ऐकू आलं. मी खाली टीप दिली की हे उपरोधाने म्हटलेलं दिसतं, आधीच्या ओळी पाहाव्यात.

मिरकरवाड्याच्या एका खलाशाचा कागदही आठवतो. त्याचं म्हणणं होतं की त्याला बोटीवरून कामावरून काढलं. साक्षीत शब्द होते : ‘पुनवेच्या आदल्या दिवशी तांडेलाने मला नारळ दिला.’ तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. माझ्या आधी ज्या गृहस्थांनी भाषांतर केलं होतं, त्यांनी लिहिलं की सणानिमित्त मालकांतर्फे साक्षीदारास श्रीफळ भेट देण्यात आलं. मला शंका आली, पण नारळी पौर्णिमाही खरीच होती. म्हणून मी सरळ बंदरावर उतरले. लिलाव संपत आला होता. टोपली रिकामी करून बसलेल्या एका म्हाताऱ्या मासेवालीला विचारलं, “आजी, पुनवेला तांडेल खलाशांना नारळ देतो का हो?”

तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “नारळ दर्याला देतात, बाय,” ती म्हणाली. “मान्साला दिला तर त्यानं गुमान घरी जावं.”

मी परत आले आणि ‘नोकरीवरून काढलं’ असं भाषांतर केलं. खलाशाच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी पेढे पाठवले. तेव्हापासून माझं एक ब्रीद झालं : शब्दाला शब्द लावायचा नाही, अर्थाला अर्थ लावायचा. ‘नारळ दिला’ याचं ‘कोकोनट’ करणाऱ्यांना मी मनातून हसायची. कधी मनातून, कधी उघड. माझं इंग्रजी वाचताना ते भाषांतर वाटत नाही, असं वकील म्हणत, आणि मला ते मंगळागौरीच्या खेळात फुगडी जिंकल्यासारखं वाटे.

आता मुख्य गोष्ट.

सुगंधा हे त्या बाईचं नाव. खरं नाव वेगळं आहे. राजापूरकडच्या एका गावात तिचं सासर. नवरा मुंबईला, वर्षातून दोनदा येणारा. गावी सासू, सुगंधा आणि तिची मुलगी. एके दिवशी सुगंधाची आई माहेरी पडली, खुब्याचं हाड मोडलं. मुलीला घेऊन सुगंधा तिचं करायला गेली. दोन महिन्यांनी ती परत निघणार तोच मुंबईहून नवऱ्याचा निरोप आला की आता तिकडेच राहा. पाठोपाठ कोर्टाचा कागद आला. नवऱ्याने लिहिलं होतं की बायको काही कारण नसताना त्याला कायमची सोडून गेली, सबब फारकत मिळावी.

खालच्या कोर्टात सासूची साक्ष झाली. खालच्या न्यायाधीशांनी निकाल सुगंधाच्या बाजूने दिला. त्यांनी म्हटलं, सून घरातल्या वडीलधाऱ्या बाईची रीतसर परवानगी घेऊन माहेरी गेली आहे, याला सोडून जाणं म्हणत नाहीत. नवरा वरच्या कोर्टात गेला, आणि साक्षींचा गठ्ठा माझ्याकडे आला. तो आणला जोगळेकर वकिलांनी, नवऱ्याच्या बाजूचे वकील. माझ्याकडचं निम्मं काम त्यांचंच असायचं. निकालाचं भाषांतर मुंबईलाच होणार होतं. तो निकाल मी तेव्हा पाहिलाही नव्हता. यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्यासमोर होत्या नुसत्या साक्षी, आणि सासूच्या साक्षीतली ही दोन वाक्यं :

‘सून जाताना येते म्हणाली. मी ये म्हणाले.’

मी काय केलं असेल? ‘आय ॲम कमिंग’ लिहायला मी काही शिकाऊ नव्हते. जाणारा माणूस इंग्रजीत ‘मी येतो’ म्हणाला तर वाचणारा म्हणेल, हा येतोय की जातोय? म्हणून मी आधी लिहिलं, ‘आय ॲम गोइंग.’ पण त्या परिच्छेदात ‘गोइंग’ आधीच दोनदा आलं होतं. एकाच परिच्छेदात एक शब्द तीनदा बरा दिसत नाही, असं शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाई सांगायच्या. मी ‘गोइंग’ खोडून ‘लीव्हिंग’ केलं. आणि सासूच्या ‘ये’चं काय? सुनेने ‘मी निघते’ म्हटल्यावर सासू ‘कम’ कशी म्हणेल? ते केलं ‘गो.’

‘आय ॲम लीव्हिंग.’ ‘गो.’ वाक्यं कशी सुटसुटीत झाली होती. मी खाली सही केली आणि पुढचा गठ्ठा उघडला.

यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका दुपारी माडीच्या जिन्यात चपला काढल्याचा आवाज आला आणि पस्तिशीची एक बाई दारात उभी राहिली. काळीसावळी, केस चापून बसवलेले, हातात नायलॉनची पिशवी.

“इंग्रजीचं मराठी करणाऱ्या ताई त्या तुमीच काय?”

“मी. बस.”

तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. वरच्या कोर्टाचा निकाल होता. ती म्हणाली, “माजा निकाल हाय. मी हरले येवढा समाजला. का हरले ता वकील धड सांगत नाय. मराठीत वाचून दाखवा.”

माझा धंदा मराठीचं इंग्रजी करण्याचा, पण उलटंही मी करत असे. मी चष्मा लावला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. सातव्या पानावर आले. तिथे लिहिलं होतं की खालच्या न्यायालयाने परवानगीचा जो निष्कर्ष काढला त्याला पुराव्यात आधार दिसत नाही. उलट सासूच्या साक्षीतच पुढील शब्द आहेत. आणि मग अवतरण चिन्हांत ते शब्द होते. मी सवयीने सांगून मोकळी झाले :

“‘मी सोडून चालले, असं सून म्हणाली. त्यावर मी म्हणाले, जा.’”

सुगंधाने मान वर केली. “कोण म्हनाला असा?”

“तुझी सासू. साक्षीत.”

“नाय. म्हातारी वाकडी हाय, पन खोटी नाय. मी उंबऱ्यात उभी ऱ्हायले, येत्ये म्हटला. ती ये म्हनाली. कोर्टात पन तेच बोलली. मी समोर व्हते.”

माझ्या हातात तो कागद तसाच राहिला. ‘लीव्हिंग’ हा शब्द मी ओळखला. आपल्या हातचं विणकाम परक्या माणसाच्या अंगावर दिसावं तसा तो मला ओळखू आला. ‘गोइंग’ खोडल्याचंही आठवलं. माझ्या मागच्या कपाटात त्या भाषांतराची प्रत सुतळीने बांधून ठेवलेली होती. काढून बघायची गरजच नव्हती.

त्या वेळी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी तिला म्हटलं, “मूळ कागद बघायला हवेत. तू उद्या ये.”

ती उठली. पिशवी सावरली. दारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, “येत्ये.”

“ये,” मी म्हणाले.

ती जिना उतरून गेली आणि मी तशीच बसून राहिले. आयुष्यभर दिवसातून दहा वेळा ऐकलेला, म्हटलेला शब्द. तो मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. ती काही मला माहिती देत नव्हती. ती उठायची मोकळीक मागत होती, आणि मी ती देत होते. ‘गो’ म्हटल्यावर माणूस घालवला जातो. ‘ये’ म्हटल्यावर तो आपलाच राहून जातो. मी सासूच्या तोंडून सुनेला घराबाहेर काढलं होतं, आणि तेही एक शब्द तीनदा येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. भाषांतर माझं, शब्द माझा, चूक माझी. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “ताई, तुमी घरातून निघताना काय म्हनता?”

“येते.”

“मंग?” ती म्हणाली.

मी रडले. तीच उठून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन आली.

मी म्हटलं, आपण त्या कोर्टाला निकालाचा फेरविचार करायला सांगू, मी प्रतिज्ञापत्र देते. तिने थोडा विचार केला. “मना त्या मान्साकडं जायाचाच हाय असा नाय,” ती म्हणाली. “पन माजी पोर इंग्रजी शिकता हाय. उद्या मोठी झाली की हा कागद ती वाचील. आवस घर सोडून चालले म्हनाली, असा वाचील. ता नको. मी बोलले नाय ता माज्या नावावर नको.” आता मुद्दा घराचा राहिला नव्हता, नवऱ्याचाही नव्हता. एका मुलीने आपल्या आईबद्दल काय वाचायचं, एवढाच होता.

जोगळेकर वकिलांना मी आपणहून जाऊन सांगितलं. त्यांच्या अशिलाच्या विरुद्ध मी उभी राहणार होते, ते त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको होतं. ते चिडले नाहीत. खुर्चीत मागे रेलले.

“सुनंदाताई, तुमचं भाषांतर चूक कुठे आहे? इंग्रज माणूस घरातून निघताना काय म्हणतो? आय ॲम कमिंग म्हणतो?”

“नाही.”

“मग? उत्तम भाषांतर आहे.”

“उत्तमच आहे,” मी म्हटलं. “म्हणून तर कुणाला संशय आला नाही. वाईट असतं तर मूळ कागद कुणी तरी उघडून बघितला असता.”

“उद्या प्रत्येक हरलेला माणूस तुमचा जिना चढेल. आणि कुठला वकील तुम्हाला काम देईल?”

ते खोटं बोलत नव्हते. पुढचं वर्षभर त्यांनी मला काम दिलं नाही. बोलणं मात्र थांबवलं नाही. रस्त्यात भेटले की विचारायचे, “काय, येताय की जाताय?” त्या थट्टेचा मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं.

सुगंधासाठी एक नवा वकील उभा राहिला. तरुण, हुशार, घाईत असलेला. त्याचं म्हणणं, प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा की ‘येते’ म्हणजे ‘मी परत येईन’. म्हणजे विषयच संपला.

मी म्हटलं, “तसं लिहिता येणार नाही. तसा त्याचा अर्थ नाही.”

“अहो, ये धातू आहे ना? येते म्हणजे येणार!”

माझे यजमान ज्या सकाळी गेले, त्या सकाळी ते बाजारात जायला निघाले होते. स्कूटरला किक मारून नेहमीसारखं ‘येतो गं’ म्हणाले होते. मी आतूनच ‘या’ म्हटलं होतं. गाडीतळाच्या चढावर त्यांना झटका आला. ते परत आले नाहीत म्हणून ते खोटं बोलले होते का? मला वचन देऊन त्यांनी मोडलं का? मी हे त्या मुलाला सांगितलं. त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “मग तुम्हीच लिहा.”

एका शब्दाबद्दल एक पान लिहायचं होतं. मला चार दिवस लागले. रविवारी मुलगा आणि सून मला आरे-वारेला घेऊन गेले. मी वाळूत बसून समुद्राकडे पाठ करून मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. ‘येते’ ही निव्वळ बातमी नव्हे. ते वचनही नव्हे. आमच्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, कारण तो शब्द जो परत येणार नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो. ‘येते’ ही निघण्याची परवानगी मागण्याची रीत आहे आणि ‘ये’ ही ती देण्याची. भांडून, घर टाकून निघालेली बाई उंबऱ्यात थांबून ती मागत नाही, आणि घालवून देणारी सासू ती देत नाही. एवढंच म्हणता येईल. याहून जास्त म्हटलं तर ते पुन्हा माझं होईल, तिचं नाही.

शेवटी मी त्या शब्दाचं इंग्रजी केलंच नाही. इंग्रजी लिपीत चार अक्षरं लिहून ‘येते’ तसाच ठेवला, ‘ये’सुद्धा तसाच ठेवला, आणि खाली समजावून सांगितलं. तीस वर्षं मी ज्यांना हसत आले, त्यांच्यापेक्षाही मी मागे आले होते. ते निदान शब्दाला शब्द तरी लावायचे.

आणि खाली मी आणखी एक वाक्य लिहिलं : ‘माझं आधीचं भाषांतर इंग्रजी म्हणून निर्दोष आणि साक्ष म्हणून खोटं आहे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे.’ त्या तरुण वकिलाने ते खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. एकदा खोडून काय झालं ते मी पाहिलं होतं.

वेळ लागला. तारखा पडल्या. अधूनमधून सुगंधा यायची. आता ती माहेरच्या गावातल्या शाळेत मुलांची खिचडी रांधत होती. कधी फणसाचे गरे आणायची, कधी कुळथाचं पीठ. मुलगी काय शिकते ते सांगायची, आणि उठताना दारात थांबून ‘येत्ये’ म्हणायची. मी ‘ये’ म्हणण्याआधी दर वेळी एक क्षण थबकायची. तिला ते कळायचं आणि ती हसायची.

अखेर निकाल आला. नवरा-बायको दोघांनी आपसात कबूल केलं होतं की आता एकत्र नांदणं नाही. फारकत झाली, पण दोघांच्या संमतीने. ‘सोडून गेली’ हा ठपका कोर्टाने काढून टाकला. सुगंधा तो कागद घेऊन माझ्याकडे आली. या वेळी तिने सगळं वाचायला सांगितलं नाही.

“माजा शब्द हाय काय त्यात?” तिने विचारलं.

मी तिला पान दाखवलं. इंग्रजी ओळींच्या मध्ये ती चार अक्षरं तिरप्या टायपात उभी होती. ती तिला वाचता येत नव्हती. तिने त्यांच्यावर बोट ठेवलं आणि मी मोठ्याने वाचलं. मग तिने कागदाची नीट घडी घातली.

“पोरीला दाखवीन,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती उठेल. पण ती बसून राहिली. म्हणाली, “परवा मी सासरच्या घरी जाऊन आले. माजी शिलाई मशीन व्हती थयसर आनि चार भांडी. टेम्पो घेऊन गेले.”

“सासू होती?”

“पडवीत बसली व्हती. डोळ्यांनी कमी दिसता आता तिला. आवाजानं वळाखलंन. सामान भरून झाला. मी तिच्या पाया पडले. आता परत काय यायाचा नाय तिथं, म्हनून मी सरळ म्हटला, आये, जात्ये.”

मी चष्मा काढला. “मग?”

“म्हातारी केवडी वराडली माज्यावर! म्हनाली, असा बोलू नये गो घरातून निगताना. येत्ये म्हन.”

“आणि तू?”

“मी काय करनार? म्हटला, येत्ये.” सुगंधाने पदराने डोळे पुसले. “म्हातारी म्हनाली, ये.”